उतरलेलं वजन टिकवायला शिकव

नागपूर

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

ठोके अनियमित असलेला पेशंट कार्डिऑलॉजिस्टने वजन कमी करायला तुझ्याकडे पाठवला, तर महिन्याला किती किलोचं टार्गेट द्यायचं, असं तू विचारलं आहेस. आहारतज्ज्ञ म्हणून स्वतःची ओपीडी सुरू करताना हा प्रश्न तुला पडला, याचं मला फार समाधान वाटलं.

ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या डॉक्टरांनी एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून ठोके अनियमित होणं) असलेल्या, वजन जास्त असलेल्या लोकांवर ५ वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं. २०१५ साली त्यांचा ‘लेगसी’ अभ्यास आला. ज्यांनी मूळ वजनाच्या १० टक्के किंवा त्याहून जास्त वजन उतरवलं, त्यांच्यात हा त्रास पुन्हा न होण्याची शक्यता इतरांच्या सहापट निघाली. एवढं सगळेच सांगतात. पण ज्यांचं वजन ५ टक्क्यांहून जास्त खालीवर होत राहिलं, त्यांच्यात त्रास उलटण्याचा धोका दुपटीने वाढला, हे पेशंटपर्यंत फारसं पोचत नाही. तू ते पहिल्याच भेटीत सांग. ९० किलोच्या माणसाने ९ किलो उतरवावेत हे बरोबर; पण दिवाळीत पाच किलो परत चढले, संक्रांतीनंतर पुन्हा पाच उतरवले, हे त्याच्या हृदयाला परवडत नाही. म्हणून महिन्याला दीड-दोन किलो पुरेत. घरातलं लग्न तोंडावर आलंय म्हणून कोणी घाई केली, तरी तू घाई करू नकोस.

वजनाचा आणि लयीचा संबंध काय, हे पेशंटला समजेल असं सांग. चरबी हृदयाच्या वरही साठते, वरचे कप्पे ताणले जातात, बीपी वाढतं. आणि रात्री घोरताना ज्यांचा श्वास अडकतो, त्यांच्या हृदयावर झोपेतही ताण येतो. घोरण्याबद्दल पेशंटला विचारू नकोस, सोबत आलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला विचार. श्वास थांबतो असं कळलं, तर झोपेच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे परत पाठव.

प्रत्येक भेटीत नाडी स्वतः बघ. तीन बोटं अंगठ्याच्या मुळाशी ठेव आणि पूर्ण मिनिटभर मोज. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं इथे चालत नाही. दोन ठोके लागोपाठ येतात, मग पोकळी, मग एक इतका हलका की बोटाला जेमतेम लागतो, मग चार भराभर. हातातल्या घड्याळावरचा आकडाही अशा वेळी फसवा असतो, त्यामुळे चालताना आकड्याच्या मागे लावू नकोस. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येतंय, एवढीच खूण दे. सुरुवातीला सेमिनरी हिल्सचा चढ नको, सपाट रस्ता बरा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा ऊन चढायच्या आत घरी परतायला हवं.

उन्हाळ्यातच लोक दोन-तीन दिवस नुसत्या ज्यूसवर राहतात, निर्जळी उपास धरतात. पाणी आणि पोटॅशियम-मॅग्नेशियम घटलं की ठोके बिघडायला वेळ लागत नाही. त्यात लघवीची गोळी चालू असेल तर जास्तच. मात्र दिवसाला किती पाणी हे तू ठरवू नकोस. हृदय कमजोर असलेल्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं असतं. जिममधले फॅट बर्नर तर पूर्ण बंद. त्यांत कॅफिनसारखी उत्तेजकं असतात. ‘थायरॉईडची गोळी घेतली की बारीक होता येतं’ असं ऐकून कोणी ती घेत असेल, तर कडक शब्दांत थांबव. जास्तीच्या थायरॉईडने हाच आजार सुरू होऊ शकतो. म्हणूनच कोणाचं वजन प्रयत्न न करता घटतंय आणि धडधड वाढतेय असं दिसलं, तर शाबासकी देऊ नकोस, थायरॉईड तपासायला पाठव.

वॉरफेरिन ही रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्या पेशंटला डाएटच्या उत्साहात अचानक वाटीवाटी पालक-मेथी लिहून देऊ नकोस. व्हिटॅमिन के वाढलं की गोळीचा असर कमी होतो आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, खाली येतो. पालेभाजी बंदही नको; आठवडाभर साधारण सारखी ठेव, आणि आहार बदलतोय हे डॉक्टरांना आधी कळव. वजन उतरलं म्हणून रक्त पातळ करायची गोळी सुटत नाही. ती ज्यासाठी देतात तो पक्षाघाताचा धोका वय, मधुमेह, बीपी यांवरही अवलंबून असतो. बीपीच्या गोळ्यांचा डोस मात्र कमी करावा लागू शकतो. उठताना चक्कर येते का, विचारत जा.

तर्री पोहे आणि सावजी बंद करायला सांगशील तर पेशंट तुझ्याकडे येणं बंद करेल, हे मी पक्कं सांगते. पोहे खाऊ दे, वरून ओतलेली तर्री अर्धी कर, सोबत मोड आलेले चणे वाढव. सावजी रविवारीच, आणि रस्सा भाकरीला लावण्यापुरता. दारू मात्र सोडायलाच सांग. पिणाऱ्यांनी ती सोडल्यावर हा त्रास उलटणं कमी झालं, असं अभ्यासात दिसलं आहे.

वजनाची वही घरी ठेवायला लाव. दोन-तीन दिवसांत दोन किलो चढले आणि पायावर सूज असेल, तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टर. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर घरच्यांनी तुला फोन न करता थेट १०८ लावायचा. हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दे.

तुझी,
मॅडम