दरापुढची दोन ‘अधिक’ चिन्हं

प्रश्न : ताई, मुलीचं लग्न ठरलंय. थोडी खरेदी, थोडा आराम म्हणून आम्ही दोघं आणि लेक तीन रात्रींसाठी सिंगापूरला निघालोय. यजमानांना मरीना बे सँड्स हॉटेलातच राहायचंय, वरच्या पोहण्याच्या तलावासाठी. मला खरेदीचा ऑर्चर्ड रोड बरा वाटतो. जाऊबाई म्हणतात, मुस्तफा या मोठ्या दुकानाजवळ साधं हॉटेल घ्या आणि वाचलेले पैसे खरेदीत घाला. कुणाचं ऐकू? आणि ऑर्चर्डच्या हॉटेलचा दर एके ठिकाणी ‘४०० डॉलर ++’ असा दिसला, ते काय आहे?

उत्तर : आधी जागेचं बोलू. मी सिंगापुरात मोठ्या हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर बरीच वर्षं काढली. खरेदीला आलेली माणसं दुपारी लॉबीत कशी शिरतात ते रोज बघत होते. दोन्ही हातांत पिशव्या, बोटांवर पिशव्यांच्या बंदांचे वळ, चेहरा घामाने डबडबलेला. तिथे बारा महिने उकाडा, आणि पाऊस कधी कोसळेल सांगता येत नाही. म्हणून मी एकच विचारते : भरल्या हातांनी खोलीपर्यंत पोचायला किती मिनिटं लागणार? एवढे पैसे मोजून महागड्या हॉटेलात राहायचं ते पिशव्या टाकून, पाय वर करून अर्धा तास पडता यावं म्हणून. खोली पाऊण तासावर असेल तर माणूस दुपारी परततच नाही, आणि संध्याकाळी नको ते घेऊन मोकळा होतो.

या हिशेबाने तुमचा ऑर्चर्ड रोड बरोबर. रस्ता जेमतेम सव्वादोन किलोमीटरचा, मॉलला मॉल लागून, बरेचसे आतूनच किंवा जमिनीखालून जोडलेले. बहुतेक मॉल सकाळी १० ते रात्री १०. सकाळी आठला आवरून बसू नका, कुलूप बघत उभं राहावं लागेल. मरीना बे सँड्सच्या पायथ्याशीही मॉल आहे आणि बेफ्रंट मेट्रो स्टेशन अगदी खाली, पण दुकानं बहुतेक बड्या ब्रँडची. जावयाचं घड्याळ घ्यायचं असेल तर ठीक, वीस जणांच्या आहेराला तिथे जाऊ नका.

आहेरासाठी जाऊबाईंचं ऐका. सय्यद अल्वी रोडवरच्या मुस्तफात अत्तरं, साबण, चॉकलेटं, घड्याळं, सुटकेस असं सगळं एका छपराखाली मिळतं. मात्र त्यासाठी तिथे राहायची गरज नाही. ऑर्चर्डहून मेट्रोच्या लाल मार्गाने दोन स्टेशनांवर धोबी घाट, तिथे जांभळ्या मार्गाची गाडी, आणखी दोन स्टेशनं की फेरर पार्क. येताना ओझं असेल तर टॅक्सी करा, पण बाराच्या आत. मध्यरात्रीनंतर पहाटे सहापर्यंत मीटरवर निम्मं भाडं जास्त लागतं.

आता यजमानांचा तलाव. तो सत्तावन्नाव्या मजल्यावर आहे आणि तिथे राहणाऱ्या पाहुण्यांनाच पोहता येतं, त्यामुळे बाहेरून तिकीट काढून जमणार नाही. हट्ट मोडवत नसेल तर पहिली एक रात्र तिकडे काढा आणि मग ऑर्चर्डला या. लोक हमखास उलटं करतात, शेवटची रात्र तलावासाठी ठेवतात, आणि फुगलेल्या चार बॅगा घेऊन हॉटेल बदलतात. पहिल्या दिवशी बॅगा हलक्या असतात आणि संसारात शांतताही असते.

‘++’ची गोष्ट साधी आहे, पण काउंटरवरची निम्मी भांडणं तिच्यावरून व्हायची. पहिलं अधिक चिन्ह १० टक्के सेवाशुल्काचं, दुसरं जीएसटीचं. जीएसटी तिथे २०२३ मध्ये ७ वरून ८ टक्के झाला, १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के आहे. आणि तो सेवाशुल्कावरही लागतो. म्हणजे ४०० सिंगापूर डॉलरचे आधी ४४०, मग ४७९ डॉलर ६० सेंट. तीन रात्रींचे तुम्ही मनात १,२०० धरले असाल, तर बिल येईल १,४३८ डॉलर ८० सेंट. हॉटेलातल्या रेस्टॉरंटच्या मेन्यूवरही हीच दोन चिन्हं बारीक अक्षरांत असतात. बुकिंग करताना दरात सगळं धरलंय का, ते शेवटच्या पानावर पाहा, आणि दोन हॉटेलांची तुलना कराल तेव्हा दोन्हींचे पूर्ण आकडे समोर ठेवा.

प्रश्न : चेक-इनच्या वेळी कार्ड मागतात. पैसे आधीच भरलेले असतील तरीही?

उत्तर : तरीही. ती अनामत असते. मिनीबार (खोलीतला विकतच्या पेयांचा छोटा फ्रिज), रूम सर्व्हिस, कपडे धुणं अशा किरकोळ खर्चापोटी ठरावीक रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात. क्रेडिट कार्ड द्या. डेबिट कार्ड दिलंत तर तेवढे पैसे खात्यात असूनही वापरता येत नाहीत, आणि चेक-आउटनंतर सुटायला काही दिवस जातात. खरेदीचे पैसे त्याच खात्यात असले तर पंचाईतच. मशीनने विचारलं की बिल तुमच्या चलनात करू का, तर ‘नको, सिंगापूर डॉलरमध्येच’ म्हणा. दुकानातही तेच सांगा. त्या सोयीचा विनिमय दर तुमच्या फायद्याचा नसतो.

प्रश्न : सासूबाईंचं इन्सुलिन खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवलं तर चालेल ना?

उत्तर : मिनीबारमध्ये नको. काही हॉटेलांत त्याच्या कप्प्यांना सेन्सर असतात. बाटली उचलून बाजूला ठेवली तरी ती बिलात चढते. शिवाय तो पुरेसा गार असेलच असं नाही. बुकिंग करतानाच ‘औषधासाठी फ्रिज’ म्हणून कळवून ठेवा, चांगली हॉटेलं वेगळा छोटा फ्रिज देतात. पाण्याच्या बाटल्यांवरही खर्च नको, तिथलं नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

प्रश्न : सिंगापुरात पर्यटकांना जीएसटी परत मिळतो म्हणतात. हॉटेलच्या बिलावरचाही मिळेल का?

उत्तर : हॉटेलचा नाही, जेवणाचाही नाही. जी वस्तू तुमच्याबरोबर देशाबाहेर जाते, तिच्यावरचाच. दुकान या योजनेत असायला हवं आणि खरेदी जीएसटी धरून किमान १०० डॉलरची हवी. एकाच दुकानाच्या एकाच दिवसाच्या तीन पावत्यांपर्यंत बेरीज चालते. १,००० डॉलरच्या वस्तूत कर असतो ८२ डॉलर ५७ सेंट (९० नव्हे, कारण किमतीत कर आधीच मिसळलेला असतो). त्यातून हाताळणीचं शुल्क वजा होऊन बाकीचे तुमचे.

दुकानात मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. ज्याचा पासपोर्ट दाखवाल, त्यालाच विमानतळावर दावा करता येतो आणि वस्तूही त्याच्याकडेच हवी. यजमानांच्या पासपोर्टवर घड्याळ घेतलं आणि ते कामासाठी आदल्या दिवशी परतले, की तुम्ही चांगी विमानतळावर नुसती पावती हलवत राहाल.

खरी गफलत होते ती बॅगेची. वस्तू चेक-इनच्या सामानात टाकायची असेल तर बॅग काउंटरवर देण्याआधी निर्गमन कक्षातल्या कर-परताव्याच्या यंत्रावर दावा करायचा, कारण कस्टमवाले वस्तू दाखवा म्हणू शकतात. हातात नेणार असाल तर इमिग्रेशननंतरच्या यंत्रावर केलं तरी चालतं. म्हणून शेवटच्या रात्री खोलीत बॅगा भरताना पावतीवाल्या वस्तू अगदी वर ठेवा. साड्यांखाली गाडलेलं परफ्यूम विमानतळाच्या फरशीवर बसून उकरून काढणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. आणि हो, निघताना बसने मलेशियातल्या जोहोरमार्गे जाणार असाल तर हा परतावा विसरा. जमिनीच्या सीमेवर तो मिळत नाही.

प्रश्न : चेक-आउट दुपारी बाराला, विमान रात्री. तोवर सामानाचं काय? आणि टिप किती द्यायची?

उत्तर : बेल डेस्कवर, म्हणजे लॉबीतल्या सामानाच्या काउंटरवर ठेवा. राहिलेल्या पाहुण्यांचं सामान सांभाळतातच. प्रत्येक नगाची चिठ्ठी घ्या, दुकानाच्या सुट्या पिशव्या एका मोठ्या पिशवीत बांधून द्या. आंघोळ करून निघायचं असेल तर पोहण्याच्या तलावाजवळची किंवा जिममधली आंघोळीची जागा वापरू द्याल का, असं सकाळीच विचारा. पुष्कळदा हो म्हणतात. दुपारी चारपर्यंत खोली हवी असेल तर आदल्या संध्याकाळी विचारा. सकाळी अकराला विचारणाऱ्याला आम्ही हसून नाही म्हणायचो. टिपची तिथे प्रथा नाही, सेवाशुल्क बिलात गेलेलंच असतं. चार जड बॅगा वर नेऊन देणाऱ्याला दोन-पाच डॉलर दिलेत तर तो नाही म्हणणार नाही.