इंदूरच्या सियागंज बाजारात हमाली करणाऱ्या मामांची बिडी बिनपैशात सुटेल का?

सुटू शकते. दिल्लीच्या गरीब वस्त्यांत याचीच चाचणी झाली (निष्कर्ष २०१७): घरी जाऊन पंधरा मिनिटं सल्ला आणि श्वासाचा व्यायाम. सहा महिन्यांनी २.६ टक्के लोक तंबाखूपासून दूर होते. ज्यांना जेमतेम मिनिटभर सांगितलं त्यांच्यात ०.५ टक्के. आकडा लहान, पण एवढ्याशा खर्चात मला तो मोठाच वाटतो.

मामांना १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी नंबर तुम्हीच लावून द्या, दमलेला माणूस स्वतःहून लावत नाही. फोन फुकट, बोलणं हिंदीत. ट्रक रिकामा झाल्यावर चहासोबत शिलगावतात ती बिडी सर्वांत चिवट. तेवढा चहा टोळक्यापासून लांब, पोहे खात घ्यायला सांगा. आणि रागावू नका हो, दिवसभरात तेवढाच विसावा असतो त्यांना.