मुलीला कॅन्सरच्या पेशींना मरायला लावायचंय, मग मेडिकल कोण बघणार?

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बीफार्मच्या तिसऱ्या वर्षाला, तुमचं तालुक्याच्या गावात वीस वर्षांचं मेडिकल, तुमचा सरळ हिशोब होता की ती पास झाली की काउंटरला बसेल, आणि आता ती म्हणते मला अपॉप्टोसिसवर काम करायचंय, कॅन्सरच्या पेशी स्वतःहून मरतील अशी औषधं शोधायचीत. हे खरंच काही असतं का, त्यात पोट भरतं का आणि किती वर्षं जातात, असं तुम्ही विचारलंय.

असतं. आपल्या शरीरात रोज ढिगाने पेशी ठरवून मरतात, बिघडलेली पेशी स्वतःलाच संपवते, १९७२ मध्ये याला अपॉप्टोसिस नाव पडलं, ग्रीक शब्द आहे, झाडाची पानं गळतात तसं. कॅन्सरच्या काही पेशी इथेच चलाखी करतात, बीसीएल-२ नावाचं प्रोटीन भरपूर बनवून ठेवतात आणि ते त्यांना मरू देत नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवलं की हे प्रोटीन पेशी वाढवत नाही, फक्त जिवंत ठेवतं. मग कल्पना अशी की पेशीला विष घालायचंच नाही, फक्त ते प्रोटीन अडवायचं, पुढचं पेशी स्वतः करते.

त्यातून आलेली गोळी म्हणजे व्हेनेटोक्लॅक्स, एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरसाठी अमेरिकेत एप्रिल २०१६ मध्ये मंजूर झाली. १९८८ ते २०१६, म्हणजे २८ वर्षं, आणि तीही एका माणसाची नाही, बायोलॉजीवाले, केमिस्ट, डॉक्टर, फार्माकोलॉजीवाले सगळे एकामागून एक. आधीची एक गोळी होती नॅव्हिटोक्लॅक्स, तिने पेशी मारल्या पण प्लेटलेट्सही पाडल्या, कारण प्लेटलेट्स बीसीएल-२ च्या भावावर, बीसीएल-एक्सएलवर जगतात आणि गोळी दोघांनाही धरायची. मग केमिस्टनी रेणू बदलून बदलून फक्त एकालाच धरणारा केला.

आता मुद्दा ऐका, हा तुम्हाला मेडिकलवाला म्हणून जास्त कळेल. व्हेनेटोक्लॅक्सच्या सुरुवातीच्या ट्रायल्समध्ये काही पेशंट दगावले, औषध लागू पडलं नाही म्हणून नाही, फारच लागू पडलं म्हणून. एकदम इतक्या पेशी फुटल्या की त्यातलं पोटॅशियम, युरिक ॲसिड रक्तात आलं आणि किडनी, हृदय कोलमडलं. उपाय काय निघाला? नवीन रेणू नाही. डोस. पहिला आठवडा २० मिलिग्रॅम, मग ५०, १००, २०० आणि पाचव्या आठवड्यात ४००, सोबत भरपूर पाणी आणि रक्ताच्या तपासण्या. म्हणजे औषध वाचवलं ते डोस ठरवणाऱ्यांनी, आणि ते काम फार्मसीवाल्याच्या डोक्याचं आहे. मुलीला हे नक्की सांगा, नाहीतर कॅन्सर रिसर्च म्हणजे फक्त मायक्रोस्कोप असं वाटत राहतं.

पत्रासोबत तिची प्रोजेक्टची चिठ्ठी जोडलीत ते बरं केलंत. कुठल्याशा पाल्याचा अर्क, एमसीएफ-७ पेशी (लॅबमध्ये वाढवलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या), एमटीटी टेस्ट (जिवंत पेशी किती उरल्या ते बघणारी), आणि वर कॅस्पेज-३, म्हणजे अपॉप्टोसिसमध्ये पेशी कापणारं एन्झाइम, बघणार. अहो, एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेज-३ चालूच नसतं, जीनच बिघडलेला आहे, तो नेमका चुकीच्या पेशीत शोधायचा बेत झाला! आणि एमटीटीने पेशी कमी झाल्या एवढंच कळतं, कशाने मेल्या ते नाही, त्यासाठी अपॉप्टोसिसने मरणाऱ्या पेशींना चिकटणारं ॲनेक्सिन लावून फ्लो सायटोमेट्री, म्हणजे यंत्राने एकेक पेशी मोजणं, करावी लागते. तिची चूक नाही, बऱ्याच कॉलेजांत हाच साचा वर्षानुवर्षं फिरतोय. तिने गाइडला हे विचारावं, आणि विचारून तिला मजा आली की कंटाळा, ते मला कळवावं. मला तिचे मार्क नकोत, हे उत्तर हवंय.

पुढचा रस्ता. फायनल इयरला जीपॅट, म्हणजे एमफार्मची देशपातळीवरची परीक्षा, द्यायची, एमफार्मला जीपॅटची स्कॉलरशिप महिना १२,४०० आहे, आणि नायपर या केंद्र सरकारच्या फार्मसी संस्थांची परीक्षाही जीपॅट पास असल्याशिवाय देता येत नाही. मुंबईत आयसीटी (केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था) आहे, मोहालीत, हैदराबादला नायपर. बीफार्मवाल्यांना सीएसआयआर नेट, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपची परीक्षाही देता येते. पीएचडीसाठी खारघरचं ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र), पुण्यातलं एनसीसीएस (पेशींवर संशोधन करणारी संस्था), किंवा बंगळुरूची आयआयएस्सी, तिथल्या एका गटाने डिसारिब नावाचा बीसीएल-२ अडवणारा रेणू बनवलाय, अजून लॅबमधलाच आहे. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी फेलोशिप, पहिली दोन वर्षं महिना ३७,००० अधिक घरभाडं, मग ४२,०००. म्हणजे एमफार्म दोन, पीएचडी पाच-सहा, ती तिशीच्या आसपास पोचेल आणि तोपर्यंत घरी पैसे पाठवायची अपेक्षा ठेवू नका, मागायचीही नाही ती, एवढंच. सगळ्यांनाच पीएचडी लागत नाही बरं का, एमफार्म फार्माकोलॉजी करून बंगळुरूच्या सिंजीन, ऑरिजीनसारख्या कंपन्यांत रिसर्चचं काम मिळू शकतं, क्लिनिकल ट्रायल्स आणि फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणं) आहेच. खरं सांगायचं तर आपल्याकडे जेनेरिकचा धंदा मोठा, नवीन औषध शोधणाऱ्या जागा थोड्या, तेव्हा परदेशाचा विचार कधीतरी येईल, आत्ताच घाबरू नका.

मेडिकलचं म्हणाल तर बीफार्म झाली की फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तिने लगेच करून घ्यावं आणि रिन्यू करत राहावं, ते कुठे जात नाही, तिशीतही काउंटरला बसता येतं. फक्त तिचं सर्टिफिकेट दुकानात टांगून तिला मुंबईला पाठवू नका, म्हणजे ती नसताना तिच्या नावावर दुकान चालवू नका, त्याचं काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. दुकानाला दुसरा फार्मासिस्ट आत्तापासून बघा, तुमचं वय लिहिलंय त्यावरून तुम्हालाही तो लागणारच आहे. आणि सुट्टीत एखाद्या लॅबमध्ये महिना-दोन महिने ट्रेनिंग मिळतंय का ते तिने स्वतः ईमेल करून बघावं, दहा पाठवले तर एखादा उत्तर देतो. तुम्ही कोणाच्या ओळखीने फोन करू नका.