तेलाच्या बाटल्या सात, चांद तेवढाच

प्रश्न : वय 27, शेती करतो. दोन वर्षांपासून समोरचे केस मागं सरकून राहिले अन् भवऱ्यावर चांद दिसून राहिला. बाबा अन् आजा दोघंही टकले. सात बाटल्या तेल झालं, कांद्याचा रस झाला, बाजारातल्या जडीबुटीवाल्याचंही घेतलं. आता पोरगी पाहणं सुरू आहे. मेडिकलवाला म्हणते मिनॉक्सिडिल लावा, मित्र म्हणते नागपूरले जाऊन केसच लावून घे. काय करू?
– एक वाचक, दारव्हा

भाऊ, आठवी बाटली आणू नका. समोरून अन् भवऱ्यावरून केस जाणं, घरात आधीपासून टक्कल असणं, हे खानदानी टक्कल दिसते, त्यात केसाचं मूळ हळूहळू बारीक होत जाते आणि तेल तिथपर्यंत काही पोचत नाही. तेलानं केस चमकतात, एवढंच.

मेडिकलवाल्याचं म्हणणं चूक नाही. मिनॉक्सिडिल ही आधी बीपीची गोळी होती, खाणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून डोक्यावर लावायचं औषध निघालं. पुरुषांसाठी 5 टक्केवालं, दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर 1 मिली. पण पहिल्या दीड-दोन महिन्यांत केस आणखी गळू शकतात, आपल्याकडे बरेच लोक इथंच घाबरून बाटली फेकतात. ते जुने केस नव्यांना जागा देत असतात, चार ते सहा महिने धरून चाला. आणि बंद केलं की मिळालेलं दोन-चार महिन्यांत परत जाते, हेही आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मग मला शिव्या नको.

दुसरं औषध म्हणजे केसगळती रोखणारी फिनास्टेराइडची 1 मिलीग्रॅमची गोळी, ही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. थोड्या जणांची शरीरसंबंधाची इच्छा कमी होते, मन उदास राहते, असं झालं तर लाजू नका, डॉक्टरला सांगा. तुमचं लग्न जुळून राहिलं म्हणून एक गोष्ट जास्तीची : बायको गरोदर असताना तिनं फुटलेल्या गोळीला हात लावू नये, पोटातला मुलगा असेल तर त्याला धोका असतो.

ट्रान्सप्लांटमधे मागचे केस मुळासकट काढून समोर लावतात. लावलेले केस आधी झडतात, मग येतात, पूर्ण दिसायला 9 ते 12 महिने. पण बाकीची गळती त्यानं थांबत नाही, 27 व्या वर्षी घाई केली तर समोर झुडूप अन् मागं मैदान होऊ शकते. कोण डॉक्टर स्वतः करणार हे विचारा, नुसता टेक्निशियन करत असेल तर उठून या. आधी यवतमाळच्या सरकारी मेडिकलमधे स्किनच्या ओपीडीत दाखवा. आणि पोरगी पाहायला टोपी घालून जाऊ नका राजा, हळदीला काढावीच लागते.

प्रश्न : अडीच महिन्यांआधी डेंगू झाला होता, आता विंचरलं की मुठभर केस निघतात. शेगावकडच्या गावांत रेशनच्या गव्हानं लोकांचे केस गेले म्हणतात. गहू बंद करू का? भाचीनं केसांच्या गोळ्याही आणल्या.
– एक ताई, मोताळा

ताई, तुमचं कारण बहुतेक डेंगूच आहे. जोराचा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस सगळ्या डोक्यावरून झडतात आणि सहा-आठ महिन्यांत आपोआप येतात. शेगाव तालुक्यातलं 2024 च्या डिसेंबरात सुरू झालेलं प्रकरण वेगळं : तिथं तीन-चार दिवसांत डोकं उघडं पडत होतं. आधी पाण्यावर संशय गेला, मग लोकांच्या रक्तात सेलेनियम (अंगाला अगदी थोडंच लागणारं खनिज) जास्त निघालं आणि विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. तुमच्या घरात बाकी कोणाचे गळत नसतील तर गहू टाकू नका.

गोळ्यांची पट्टी मात्र उलटी करून वाचा. बऱ्याच केसांच्या गोळ्यांत सेलेनियमच असते, आणि जास्त झालं की केस अन् नखं दोन्ही जातात. त्यात बायोटिन (एक व्हिटॅमिन) असेल तर थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, म्हणून टेस्टच्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड एवढं तपासून घ्या, पाळी जास्त जात असेल तर नक्कीच. रोज वरण, अंडं चालत असेल तर अंडं, हरभऱ्याची भाजी. आणि कुठं रुपयाएवढा गोल चट्टा एकदम गुळगुळीत दिसला तर ती चाई, तिच्यावर लसूण घासत बसू नका, स्किनवाल्या डॉक्टरला दाखवा, तिथं इंजेक्शन असते.