मनगट मोडलंय, गोधडी अर्धी राहिलीय आणि डिसेंबरात नातवंड येतंय

प्रश्न : ताई नमस्कार, मी डिचोलीची, वय 61. जूनच्या पहिल्या पावसात मागच्या अंगणात शेवाळावरून पाय घसरला, उजवा हात टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. 6 आठवडे प्लास्टर होतं, ते काढून आता महिना होत आला. डॉक्टर म्हणाले हाड जुळलंय, पण अजून मूठ नीट वळत नाही आणि सुई चिमटीत धरली की अंगठ्याच्या बुडाशी कळ येते. लेक पुण्याला असते, तिला डिसेंबरात पहिलं बाळ व्हायचंय. माझ्या आईच्या आणि सासूबाईंच्या सुती नऊवारी साड्यांची गोधडी मी बाळासाठी एप्रिलपासून हातानं शिवतेय, अर्धी झालीय. घरचे म्हणतात मशीनवर शिवून घे, मला ते नको. सून म्हणते मी पुरी करते, पण टाके वेगळे दिसतील म्हणून तिला नाही म्हटलं. त्यात चवथ (गणेशचतुर्थी) आलीय तोंडावर. काय करू?

उत्तर : आधी हाताचं बोलते. प्लास्टर निघालं म्हणजे हाड धरलं एवढंच, हात कामाला तयार झाला असं नाही. इतके आठवडे बांधून ठेवलेला सांधा आखडतो, स्नायू बारीक होतात, आणि पकडीतली ताकद परत यायला कित्येक महिने लागतात, काहींना तर वर्षसुद्धा, त्यामुळे महिन्याभरात मूठ वळत नाही म्हणून घाबरू नका. पण ती अंगठ्याची कळ मात्र डॉक्टरांना दाखवाच. हा हात मोडल्यावर, अगदी हाड जागचं हललेलं नसलं तरी, अंगठा वर उचलणारी शीर म्हणजे टेंडन काहीजणांमध्ये झिजते आणि नंतर तुटते. तळवा टेबलावर पालथा ठेवा आणि फक्त अंगठा वर उचलून बघा, उचलला गेला नाही तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्री अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर होत असतील, किंवा हाताची आग होतेय, सूज उतरत नाही, कातडी तुकतुकीत दिसतेय, रंग बदललाय असं काही असेल तर तेही चवथ होऊ दे मग बघू असं करू नका. आणि कोणी ओळखीचा चोळून ओढून देतो म्हणाला तर हात देऊ नका, फिजिओकडेच जा.

अजून एक, आणि हे मी सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या बायकांना कळवळून सांगते. उभ्या उभ्या घसरून हाड मोडलं तर दोष फक्त शेवाळाचा नसतो, हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, म्हणून डॉक्टरांना डेक्सा स्कॅनबद्दल (हाडं किती भरीव आहेत ते मोजणारी तपासणी) स्वतःहून विचारा. आज मनगटावर निभावलं, पुढच्या वेळी खुबा मोडला तर माणूस अंथरुणाला खिळतं.

आता गोधडी. डॉक्टरांनी अंगठा ठीक आहे म्हटल्यावरच सुई हातात घ्या. आधी कोमट पाण्यात हात ठेवून फिजिओनं सांगितलेले व्यायाम करायचे, मग 10 मिनिटं शिवायचं, कळ यायच्या आधी थांबायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात जास्त दुखला तर वेळ निम्मी करायची. आपल्याला सवय असते धावदोऱ्याचे चार-पाच टाके एकदम सुईवर घेऊन ओढायची, ती तूर्त सोडा, एकेक टाका घ्या. मनगटाला त्रास होतो तो सुई टोचताना कमी, थरांतून ओढून काढताना जास्त, म्हणून बोटावर रबरी टोपी चढवा (बँकेत नोटा मोजायला घालतात ना तीच, स्टेशनरीच्या दुकानात मिळते), दोरा हातभरच घ्या आणि मेणावरून ओढून घ्या. गोधडी मांडीवरून लोंबकळत ठेवू नका, सगळा भार टेबलावर हवा आणि कोपर टेकलेलं हवं. कात्री दुसऱ्या कोणाला तरी चालवू दे.

आणि सुनेला हो म्हणा, मी तर म्हणते आजच म्हणा. चार बायका चार बाजूंनी बसून एकच गोधडी शिवायच्या, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. घाटापलीकडे कर्नाटकात हल्याळ, यल्लापूरकडे सिद्दी समाजाच्या बायका कवंदी म्हणजे त्यांची गोधडी शिवतात, ज्यांच्यातल्या कितीतरी जणींचे पूर्वज पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. त्या कडेपासून सुरुवात करून तुकडे जोडत जोडत मधे येतात, आणि टाके कुठे दाट कुठे विरळ, तरी बघत बसावं इतकी सुंदर दिसते ती. तुमच्या गोधडीत आईची साडी आहे, सासूबाईंची आहे, तुमचा टाका आहे, मग बाळाच्या मामीचाही आला तर त्या बाळाचं घर जास्त भरेल. मधला अर्धा तिला द्या, शेवटची कड तुम्ही घ्या, ती सावकाश होते.

घाई तर मुळीच नको, कारण पहिलं वर्षभर झोपलेल्या बाळाच्या अंगावर गोधडी घालायचीच नसते. जाड, मऊ पांघरूण तोंडावर आलं तर बाळाला ते बाजूला करता येत नाही आणि श्वास कोंडतो, म्हणून बाळाला सपाट, घट्ट गादीवर उताणं झोपवतात आणि जवळ मोकळं पांघरूण ठेवत नाहीत. लेकीलाही हे सांगून ठेवा. जमिनीवर अंथरून, कोणीतरी शेजारी बसून जाग्या बाळाला खेळवायला गोधडी चालेल, पण पांघरायला ती पहिल्या वाढदिवसानंतरच. म्हणजे डिसेंबरात बाळंतिणीला भेटायला जाताना अर्धी गोधडी सुईसकट घेऊन गेलात तरी काही बिघडत नाही, उलट तिथे तिच्याशी गप्पा मारत शिवता येईल.

प्रश्न : आजीच्या लाल चौकड्याच्या कापडाची गोधडी बाळाला द्यायचीय, पण रंग जातो आणि पावसात कुबट वासही येतोय. (एक वाचक, फोंडा)

उत्तर : पांढरा सुती रुमाल ओला करून लाल भागावर जोरात घासून बघा. रुमाल लाल झाला तर गोधडी गार पाण्यात वेगळी धुवायची, पाणी नितळ येईपर्यंत, आणि तरीही रंग सुटत राहिला तर ती बाळाला नको, भिंतीवर लावा. वासासाठी सुगंधी स्प्रे मारू नका, कडक ऊन पडेल त्या दिवशी दोन्ही बाजूंनी खडखडीत वाळवा, आणि मगच सुती कापडात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, तिथे दमट राहते. डांबरगोळ्या बाळाच्या कपड्यांत अजिबात नकोत. जी6पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्यांच्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते, आणि आपल्या बाळाला ही कमतरता आहे का हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. गोधडी आधीच डांबरगोळ्यांत ठेवलेली असेल तर ती धुवून वास पूर्ण जाईपर्यंत बरेच दिवस उन्हावाऱ्यात टाका, तोवर बाळाजवळ नेऊ नका.