वाचकांचे प्रश्न: बोअरचे पाणी, संत्र्याचे कॅरेट आणि शेतावरची गाडी

प्रश्न : गाडी जुनी डिझेल बोलेरो, गाव दर्यापूर तालुक्यात. एप्रिल लागला की तापमानाचा काटा वर चढतो. रेडिएटरमध्ये रोज लिटरभर बोअरचे पाणी टाकतो, तरी तापतेच. इंजिन उघडावे लागेल का?

इंजिनाकडे नंतर पाहू, आधी ते पाणी थांबवा. दर्यापूर, अकोट, तेल्हारा हा सारा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचे पाणीच खारे. ज्या पाण्याने वावर खराब होते, तेच तुम्ही रोज उकळवताय. पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतात आणि नळ्यांच्या आत पापुद्रा धरतात. शिवाय रोज लिटरभर पाणी लागते म्हणजे ते कुठूनतरी जाते आहे. होज पाइपची टोके, वॉटर पंपाखालचे छोटे भोक आणि रेडिएटरच्या झाकणाचे रबर पाहा. झाकण दाब धरत नसेल तर पाणी लवकर उकळते. झाकण स्वस्त आहे, तेच आधी बदला.

मग रात्रभर थंड झालेल्या गाडीचे पाणी रेडिएटरच्या तळाचा बोळा काढून सोडा. स्वच्छ गोडे पाणी भरा, केबिनचा हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि वरचा होज गरम होईपर्यंत इंजिन चालवा. थंड झाल्यावर पुन्हा सोडा. पाणी नितळ येईपर्यंत तीन-चार वेळा हेच. शेवटी कूलंट (इंजिन थंड ठेवणारे रसायन) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. तयार मिसळलेले कूलंट असेल तर त्यात पाणी घालू नका. एक फेरी मारून, थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहा. आत अडकलेली हवा निघाली की ती उतरते.

बाहेरची बाजूही पाहा. कापसाचे तंतू, सोयाबीनचा भुसा आणि किडे रेडिएटरच्या जाळीत बसून गादी तयार होते. एसी असेल तर ही गादी एसीची पुढची जाळी (कंडेन्सर) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत असते, समोरून दिसत नाही. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, तेही हलक्या दाबाने; जोराने मारले तर जाळीच्या पातळ पाकळ्या वाकतात.

एवढे करूनही तापली तर इंजिन बंद करा, किल्ली काढा, थोडे थांबा आणि जाळीवरून हात फिरवा. मधेच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. पितळी रेडिएटर असेल तर कारागीर टाकी उघडून सळई मारून देतो. ॲल्युमिनियमचा, प्लास्टिक टाकीचा असेल तर सरळ नवा. थंड इंजिन झाकण काढून चालू केल्यावर सतत बुडबुडे येत राहिले, तरच हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या डोक्याखालच्या सीलचा) संशय घ्या.

आणि हो, बॅटरीतही हेच पाणी जात असेल तर तिचे आयुष्य संपलेच समजा.

प्रश्न : सात सीटच्या गाडीतून वरुडला संत्र्याचे 35 कॅरेट नेतो. मागचा मुख्य पाटा (स्प्रिंगची पोलादी पट्टी) दोनदा मधोमध तुटला. जादा पाटा टाकू का?

नको. कॅरेट 20 किलोचे धरले तरी 700 किलो झाले, वर तुम्ही आणि मजूर. सात माणसांचे वजन साधारण पाचशे किलो, गाडी तेवढ्यासाठी आहे. जादा पाट्याने स्प्रिंग कडक होते, पण गाडीची वजन पेलायची ताकद वाढत नाही; धक्का चासीच्या हँगरवर, म्हणजे पाटा टांगलेल्या ब्रॅकेटवर जातो.

मधोमध, म्हणजे सेंटर बोल्टच्या भोकाशी तुटतो, याचे कारण बहुतेक वेळा पाटे ॲक्सलला बांधणारे ढिले यू-बोल्ट. पकड सैल झाली की पाटा भोकातच वाकतो. नवा पाटा बसवताना यू-बोल्टही नवेच घ्या, चारही नट आलटून-पालटून, पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळा आणि 500 किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. ही शेवटची पायरी जवळजवळ कुणीच करत नाही. शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या हलत्या जोडाचे) रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना घट्ट करा. लटकत्या गाडीत आवळले तर रबर पिळून फाटते.

सपाट जागी दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. दोन बोटांपेक्षा जास्त फरक दिसला तर पाटे दोन्ही बाजूंचे बदला.

प्रश्न : पांदण रस्त्याच्या धुळीमुळे एअर फिल्टर दर आठवड्याला झटकतो. पुरे आहे का?

झटकू नका, आपटू तर मुळीच नका. कागदाची घडी फाटते. कमी दाबाची हवा आतून बाहेर मारा. फिल्टरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपच्या आत बोट फिरवा, माती लागली तर फिल्टर किंवा क्लॅम्प गळतो आहे. ही धूळ पिस्टन रिंग खाते.

प्रश्न : पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीतून शेजाऱ्याचा कापूस भाड्याने नेला तर? आणि नोंदणीची 15 वर्षे संपत आलीत.

भाडे घेतले की गाडीची नोंद व्यावसायिक, म्हणजे पिवळ्या नंबरप्लेटची लागते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. नोंदणी नूतनीकरणाचा फॉर्म 25 मुदत संपण्याआधीच्या 60 दिवसांत भरा. पाच वर्षे वाढवून मिळतात. तपासणीला जाण्याआधी चासी नंबरावरची काळी माती ओल्या फडक्याने भिजवून काढा. ग्राइंडर लावू नका, अंक घासले गेले तर नवीनच भानगड.