वाचकांचे प्रश्न : खाऱ्या वाऱ्यातले पत्रे

प्रश्न : वेंगुर्ल्याजवळ, समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आमचे काजूचे गोदाम असून त्याला लागूनच विक्रीचे दुकान आहे. छपराला आणि दर्शनी भिंतीला रंगीत पत्रे बसवून सहा वर्षे झाली. उन्हापावसाचा मारा सोसणारे छप्पर चांगले आहे. उलट वळचणीखाली, जिथे पाऊस पोहोचतच नाही, तिथे रंगाला फोड आले आहेत. रंगारी ॲसिडच्या पाण्याने धुवा म्हणतो. माणूस वर चढवायचीही भीती वाटते. काय करावे?

उत्तर : आपल्या निरीक्षणातच निम्मे उत्तर आहे. वाऱ्याबरोबर येणारे मीठ पत्र्यावर बसते, आणि हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते मीठ स्वतःच पाणी ओढून घेते, त्यामुळे पाऊस नसतानाही पत्रा ओलाच राहतो. छपरावरचे मीठ पावसात धुऊन जाते, वळचणीखालचे वर्षानुवर्षे साचत राहते. शिवाय आपल्याकडे पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर एवढाच पडतो, म्हणजे उरलेले आठ महिने छप्परही वळचणीसारखेच कोरडे आणि खारट असते. म्हणून परतीचा पाऊस संपल्यावर एकदा आणि फेब्रुवारीच्या सुमारास एकदा, असे सगळे पत्रे धुवावेत. वळचण, पन्हळीची मागची बाजू आणि छज्जाखालची भिंत मात्र कोरड्या महिन्यांत दर महिन्याला नुसत्या पाण्याने धुतली तरी पुष्कळ फरक पडेल.

ॲसिडचा सल्ला मानू नये. अशा पत्र्यांच्या रंगाखाली बहुधा जस्ताचा, किंवा ५५ टक्के ॲल्युमिनिअम व साधारण ४३.५ टक्के जस्त असलेल्या मिश्रधातूचा थर असतो, आणि हे दोन्ही धातू ॲसिडात जसे विरघळतात तसेच कॉस्टिक सोड्यातही विरघळतात. तेव्हा फरशी साफ करण्याचे ॲसिड नको आणि सोडाही नको. तारेचा ब्रश, घासणीची लोखंडी जाळी आणि थिनर हेही दूर ठेवावे. बादलीभर पाण्यात भांडी घासण्याचे थोडे सौम्य द्रावण आणि लांब दांड्याचा मऊ ब्रश पुरेसा आहे. साबणपाणी भिंतीवर खालून वर लावावे, म्हणजे कोरड्या पत्र्यावर ओघळांचे डाग पडत नाहीत. धुताना मात्र वरून खाली यावे, आणि ऊन चढण्याआधी, साबण वाळू न देता, काम उरकावे.

धुण्याचे पाणी गोडे हवे, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. किनाऱ्याजवळच्या पुष्कळ विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, आणि अशा पाण्याने धुणे म्हणजे मीठ काढून मीठच लावणे होय. काचेच्या तुकड्यावर चमचाभर पाणी उन्हात वाळवून पाहावे. पांढरी पुटे राहिली तर टँकरचे पाणी घ्यावे. दाबाने पाणी मारणारे यंत्र वापरायचेच असेल तर पंख्यासारखी धार ठेवून लांबून, उताराच्या दिशेने मारावे. पत्र्यांच्या सांध्यात खालून धार गेली तर पाणी आत शिरते, आणि स्क्रूंखालचे रबरी वायसर जवळच्या धारेने खराब होतात.

आता भीतीविषयी. ती रास्त आहे. भिंत जमिनीवरूनच धुता येते, तेव्हा तिच्यासाठी कोणाला चढवूच नये. छपरावर सर्वांत धोक्याचे असतात ते उजेडासाठी बसवलेले प्लॅस्टिकचे पारदर्शक पत्रे. काही वर्षांनी ते ठिसूळ होतात, वर धूळ बसली की रंगीत पत्र्यांतून वेगळे ओळखूही येत नाहीत, आणि माणूस त्यातून थेट खाली पडतो. काम सुरू होण्यापूर्वी आतून पाहून त्यांच्या जागा हेराव्यात, वर रंगाने खुणा कराव्यात आणि त्यांच्यावर कोणीही पाय ठेवू नये. चालताना स्क्रूंच्या रांगेवरून, म्हणजे जिथे खाली पर्लिन (पत्र्यांना आधार देणारी आडवी तुळई) असते तिथूनच चालावे, किंवा फळ्या टाकाव्यात. पूर्ण अंगाचा हार्नेस बांधून त्याचा दोर पक्क्या लोखंडी सांगाड्याला अडकवावा, पन्हळीला कदापि नाही. शिडीचा पाया दर चार फूट उंचीला एक फूट बाहेर असावा आणि तिचे टोक कडेच्या वर साधारण एक मीटर यावे. जवळून विजेची तार जात असेल तर आधी पुरवठा बंद करून घ्यावा. गोदाम कारखान्याच्या व्याख्येत बसत असेल तर, उंचीवर काम करणाऱ्याच्या सुरक्षेची तजवीज करणे कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३२ नुसार आवश्यक होते; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेने घेतली आहे.

ज्या फोडांतून तांबडा गंज बाहेर आला आहे, ते धुण्याने बरे होणार नाहीत. तेवढी जागा हलके खरवडून, धुऊन पूर्ण वाळवावी आणि जस्तयुक्त प्रायमर लावून वर रंग द्यावा. कापलेल्या कडांवरही हेच करावे.

प्रश्न : दापोलीला आमच्या लॉजच्या पत्र्यांवर दरवर्षी शेवाळ येते. ब्लीचिंग पावडर टाकली तर चालेल का?

उत्तर : टाळावी. ती नीट धुतली गेली नाही तर पत्र्यावर क्लोराइड राहते, म्हणजे पुन्हा मीठच. आणि ॲसिडशी तिचा संबंध आला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. शेवाळ कोरडे झाल्यावर मऊ ब्रशाने साबणपाण्यासह सहज निघते, ओल्या शेवाळावर मात्र कोणाला उभे करू नये. छपरावर झुकलेली आंबा-फणसाची फांदी छाटल्यास ओल लवकर वाळेल. छपराचे पाणी टाकीत साठवत असाल तर धुण्याच्या दिवशी त्या नळीचे तोंड काढून पाणी बाहेर सोडावे.